निरंक

जानेवारी उजाडला की मला फोन यायला लागतात. शुभेच्छांचे नव्हेत, नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या एचआरच्या मुलामुलींचे. "मॅडम, वार्षिक अहवालावर तुमची सही तेवढी राहिलीय. उद्या माणूस पाठवू का?" अहवालात काय आहे, असं विचारलं की पलीकडचा आवाज खुलतो. "काही नाही मॅडम, निरंक आहे! वर्षभरात एकसुद्धा तक्रार नाही."

दहा किंवा त्याहून जास्त माणसं जिथे कामाला आहेत तिथे महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती हवी आणि त्या समितीत एक माणूस बाहेरचं हवं, असं २०१३ चा कायदा सांगतो. ते बाहेरचं माणूस मी. कॉलेजातली नोकरी संपल्यावर हे काम अंगावर घेतलं. नियमांत या कामाचा भत्ता दिवसाला दोनशे रुपये लिहिलाय, शिवाय रेल्वेच्या थ्री टियर एसीचं भाडं. नाशिकमधून नाशिकमध्ये रेल्वेने जाता येत नाही, त्यामुळे या दुसऱ्या सवलतीचा लाभ अजून पदरात पडलेला नाही.

'निरंक' खरं असेल तर आनंदच आहे. पण शे-दीडशे बायका आठ-आठ तास उभ्या राहून काम करतात, अवतीभवती सुपरवायझर, ठेकेदार, टेम्पोवाले, सिक्युरिटीवाले यांचा राबता, आणि तीनशे पासष्ट दिवसांत काही म्हणजे काहीच घडलं नाही? मी आयुष्यभर एसटीने फिरलेली बाई आहे. मला हे पटायला जड जातं.

पण आज लिहायचंय ते अहवालाबद्दल नाही, भिंतीवरच्या कागदाबद्दल. प्रत्येक कंपनीत तो लावावाच लागतो. बहुतेक ठिकाणी कँटीनच्या बेसिनशेजारी, पगारी सुट्ट्यांची यादी आणि आग लागल्यास काय करावे याच्या सूचना, यांच्या मधोमध तो असतो. लॅमिनेट केलेला, कोपऱ्यात पाणी शिरून फुगलेला. त्यावर समितीतल्या लोकांची नावं, फोन नंबर, आणि लैंगिक छळ कशाला म्हणायचं त्याचे पाच प्रकार. नको असलेला स्पर्श आणि लगट. शरीरसुखाची मागणी. लैंगिक शेरेबाजी. अश्लील चित्रं दाखवणं. आणि याशिवाय नको असलेली कुठलीही तशी वागणूक, बोलून किंवा न बोलता.

हात धुताना बायका तो वाचतात. ही यादी दिल्लीतल्या कुण्या बाबूने टेबलावर बसून केली असेल, असं त्यांना वाटतं आणि वाटणं साहजिक आहे. पण यादी दिल्लीत जन्मलेली नाही. ती न्यूयॉर्कहून आलीय, आणि येताना राजस्थानातल्या एका खेड्यातून आलीय.

१८ डिसेंबर १९७९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचं निर्मूलन करण्याचा करार मंजूर केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला सीडॉ म्हणतात. त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या बायकांच्या डोक्यात सीडॉ नव्हता. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या, म्हणजे मथुरा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं होतं आणि कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना त्याबद्दल खुलं पत्र लिहिलं होतं, तेही त्याच वर्षी सप्टेंबरात. इकडे रस्त्यावर लढाई आणि तिकडे न्यूयॉर्कमध्ये ठराव, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नसणार. तसा तो नव्हताही. करारात शिक्षण होतं, नोकरी होती, आरोग्य, लग्न, मतदान सगळं होतं, पण स्त्रियांवरच्या हिंसेबद्दल वेगळं कलमच नव्हतं. ती फट करारावर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीने १९९२ मध्ये बुजवली. समितीने एकोणिसावी सर्वसाधारण शिफारस काढली, हिंसा हाही भेदभावच आहे असं स्पष्ट म्हटलं, आणि कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ म्हणजे काय ते एका वाक्यात लिहून ठेवलं. नको असलेला स्पर्श आणि लगट, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्रं दाखवणं, शरीरसुखाची मागणी. बेसिनशेजारचा कागद मी वर वाचून दाखवलाच आहे.

भारताने करारावर १९८० मध्ये सही केली. सही करणं वेगळं आणि मान्यता देऊन बांधील होणं वेगळं. त्याला १९९३ उजाडलं. आणि बांधील होतानाही सरकारने दोन-तीन खुट्ट्या मारून ठेवल्याच. समाजाच्या खाजगी बाबतींत त्या त्या समाजाने पुढाकार घेतल्याशिवाय आम्ही ढवळाढवळ करणार नाही, ही एक. दुसरी विवाहनोंदणीबद्दल: सक्तीची नोंदणी तत्त्व म्हणून आम्हाला मान्य आहे, पण आमचा देश अवाढव्य, चालीरीती आणि धर्म अनेक, साक्षरतेची पातळी ही अशी, तेव्हा ते व्यवहार्य नाही. ही नोंदणीची अट करारात जिथे आहे त्याच कलमाच्या पहिल्या अर्ध्यात लिहिलंय की बालविवाहाला कायदेशीर मोल असणार नाही.

हे वाचताना मला भटेरी आठवतं.

भटेरी हे जयपूर जिल्ह्यातलं, बस्सीजवळचं गाव. राजस्थान सरकारने १९८४ मध्ये युनिसेफच्या मदतीने महिला विकास कार्यक्रम सुरू केला होता. गावातलीच बाई निवडायची, तिला शिकवून तयार करायचं, आणि पाणी, मजुरी, लसीकरण, मुलींची शाळा असल्या गोष्टींत गावाला पुढे न्यायचं काम तिच्यावर सोपवायचं. अशा बाईला साथीन म्हणत. कुंभार समाजातली भंवरी देवी भटेरीची साथीन होती. १९९२ च्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे राजस्थानातल्या आखा तीजला, बालविवाह रोखा असा सरकारचाच आदेश होता. गावातल्या एका गुर्जर कुटुंबात वर्षही पूर्ण न झालेल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. भंवरीने समजावून पाहिलं, वरपर्यंत कळवलं. पोलीस आले आणि गेले. लग्न व्हायचं ते झालंच. मग गावाने तिच्या घरचं दूध बंद केलं, तिची मडकी कुणी घेईना. २२ सप्टेंबरला शेतात नवऱ्याला मारहाण करून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगायला लागले की हात थरथरतो. आरोग्य केंद्रात बाई डॉक्टर नाही. जयपूरला गेली तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणा. तपासणी चोवीस तासांत व्हायला हवी, तिला दोन दिवसांहून जास्त लागले. ठाण्यात तिचा लहंगा पुरावा म्हणून ठेवून घेतला आणि ती नवऱ्याचा साफा गुंडाळून रात्री बाहेर पडली.

सप्टेंबर १९९५ मध्ये बीजिंगला चौथी जागतिक महिला परिषद भरली. भारत सरकारने तिथे महिला धोरणाची आणि महिलांच्या हक्कांसाठी आयोगाची आश्वासनं दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरात, जयपूरच्या न्यायालयाने भंवरीच्या खटल्यातले आरोपी बलात्काराच्या आरोपातून सोडले. वरच्या जातीतली, वयाने मोठी माणसं, त्यांतही नात्यातले लोक एकत्र मिळून असलं काही करणार नाहीत, अशा धाटणीची कारणं त्या निकालात होती. अपील उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे वर्षानुवर्षं पडून राहिलं. काही आरोपी दरम्यान मरूनही गेले.

इथून पुढची गोष्ट मला फार हुशारीची वाटते. विशाखा आणि आणखी काही स्त्री-संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या पाच माणसांना शिक्षा द्या, एवढंच त्यांनी मागितलं नाही. तो खटला वेगळा चालूच होता. त्यांनी विचारलं, ही बाई कुणाच्या कामावर होती? सरकारच्या. हे तिच्या वाट्याला कशामुळे आलं? त्या कामामुळे. मग कामावर असलेल्या बाईचं रक्षण करायची जबाबदारी कुणाची, आणि तसा कायदा कुठाय? कायदा नव्हताच. पण सरकारने १९९३ मध्ये मान्य केलेला एक करार होता. वकिलांनी तो न्यायालयापुढे ठेवला. सरकारच्या परदेशातल्या सह्या हा माझ्या मते पुढच्या तारखेचा चेक असतो. देणाऱ्याला वाटतं, कोण कशाला वटवतंय! यांनी तो बँकेत नेऊन भरला.

१३ ऑगस्ट १९९७. सरन्यायाधीश वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती किरपाल यांच्या पीठाने निकाल दिला. देशातला कायदा गप्प असेल आणि राज्यघटनेशी विसंगत काही नसेल, तर आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन मूलभूत हक्कांचा अर्थ लावता येतो, असं न्यायालय म्हणालं. त्यासाठी दाखला दिला तो ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाचा. तिथे तीओ नावाच्या एका स्थलांतरिताच्या खटल्यात, मुलांच्या हक्कांचा करार सरकारने मान्य केलाय तर सरकार त्याप्रमाणे वागेल अशी अपेक्षा माणसाने का धरू नये, असं १९९५ मध्ये ठरलं होतं. म्हणजे बघा, भटेरीच्या साथीनीच्या निमित्ताने निघालेल्या याचिकेत ऑस्ट्रेलियातला देशाबाहेर काढण्याचा दावा कामी आला. आणि संसद कायदा करेपर्यंत हाच कायदा, असं म्हणून न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. छळाची व्याख्या सीडॉच्या समितीच्या शिफारशीतली, जवळजवळ जशीच्या तशी.

भंवरीला काय मिळालं? या निकालाने तिला व्यक्तिशः काहीच मिळालं नाही. एका कॉलेजात प्रशिक्षणाला गेले होते. आपल्याकडे कॉलेजांमधून अजूनही 'विशाखा समिती' असंच म्हणतात. सत्र संपल्यावर एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, त्या विशाखाताईंचं पुढे काय झालं हो? आरोपींना शिक्षा झाली ना?" विशाखा हे संस्थेचं नाव, बाईचं नाव भंवरी, आणि बलात्काराची शिक्षा झाली नाही, हे तिला सांगताना माझ्या जिवावर आलं. मागे बसलेल्या शिपाई मावशी मात्र लगेच म्हणाल्या, "होणारच नव्हती. पण आपल्याला कागद तर मिळाला."

संसदेने कायदा करायला सोळा वर्षं घेतली. मधल्या काळात ती तत्त्वं पाळली जावीत म्हणून ज्या लोकांनी जीव काढला त्यांत पुण्याचं एक नाव आहे. 'आलोचना' या स्त्री-अभ्यास केंद्राच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं: तुमच्या निकालाला कुणी विचारत नाही, समित्या नाहीत, असल्या तर नावाला, आणि ही बघा उदाहरणं. पत्राचीच याचिका झाली. राज्याराज्यांकडून प्रतिज्ञापत्रं मागवण्यात वर्षं गेली, आणि १९ ऑक्टोबर २०१२ ला न्यायालयाने निकाल देताना मान्य केलं की विशाखाची तत्त्वं कागदावरच राहिलीत. त्यानंतर दिल्लीतलं डिसेंबर २०१२ चं प्रकरण, देशभरातला संताप, आणि २०१३ चा कायदा. आपण कायद्याचं श्रेय मेणबत्ती मोर्चांना देतो, ते चूक नाही. पण टपालाने पत्र पाठवून वर्षानुवर्षं तारखांचा पाठपुरावा करणं हे काम कॅमेऱ्यात येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

गोवाही यात आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणातून ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तक्रारीची चौकशी समितीने घाईघाईने आणि आरोपीला बाजू मांडायला पुरेसा अवधी न देता केली, म्हणून मे २०२३ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. आणि त्याच निकालात, कायद्याला दहा वर्षं होत आली तरी अंमलबजावणीत ही एवढी भोकं कशी, म्हणून सगळ्यांना खडसावलं. दोन्ही गोष्टी एकाच निकालात याव्यात हे मला फार योग्य वाटतं. आमच्या समित्यांत उत्साही लोक असतात, त्यांना वाटतं बाईच्या बाजूने उभं राहणं म्हणजे समोरच्याचं ऐकूनच न घेणं. असं केलं की वरच्या न्यायालयात सगळं कोसळतं आणि भोगते ती तक्रार करणारी.

आता जरा सरहद्दीपलीकडे. विशाखाचा निकाल भारतात थांबला नाही. बांगलादेशात महिला वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने ढाक्याच्या उच्च न्यायालयात याचिका केली आणि १४ मे २००९ ला तिथल्या न्यायालयाने सीडॉचा आणि विशाखाचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणांसाठी आणि शिक्षणसंस्थांसाठी तत्त्वं घालून दिली. पाकिस्तानने २०१० मध्ये सरळ कायदाच केला. म्हणजे संसदेच्या कायद्याच्या बाबतीत ते आपल्या तीन वर्षं पुढे होते; हे सांगितलं की आपल्याकडे लोकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्या कायद्यामागे ज्या बायका होत्या त्यांत फौझिया सईद होत्या. त्यांनी आणि त्यांच्या दहा सहकारी स्त्रियांनी १९९७ मध्ये लैंगिक छळाची तक्रार केली होती. कुठे? इस्लामाबादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्याच विकास कार्यक्रमाच्या कार्यालयात. जगाला व्याख्या देणाऱ्या संघटनेच्या छताखाली अकरा जणींना तक्रार करावी लागली, लढावं लागलं, आणि त्या अनुभवातून उठून त्यांनी आपल्या देशात कायदा आणला.

म्हणून कुणी 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' असं म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे निळे झेंडे आणि ओळीत बसलेले राजदूत येत नाहीत. भारत, पाकिस्तान, बांगलादेश यांची सरकारं या विषयावर एकत्र बसून काही ठरवतील तो सुदिन! पण या तीन देशांतल्या वकील बायका, कामगार बायका, संस्था चालवणाऱ्या बायका एकमेकींचे निकाल वाचतात, मसुदे मागतात, वापरतात. सरकारांचं काम एवढंच की त्यांनी कुठेतरी सही करून ठेवलेली असावी.

सरकारं राहू देत, व्यापाराचं सांगते, कारण नाशिककडे करारापेक्षा खरेदीदार लवकर पोचतो. परदेशी गिऱ्हाईक असलेल्या कंपन्यांत वर्षातून एकदा ऑडिटर येतो. अशा एका दिवशी मी हजर होते. टॅब घेऊन आलेला तरुण मुलगा, नम्र, घड्याळाकडे लक्ष. समितीच्या नेमणुकीचं पत्र? आहे. स्थानिक भाषेत सूचना लावलीय? त्याने बेसिनजवळच्या कागदाचा फोटो घेतला. प्रशिक्षणाचं हजेरीपत्रक? सह्यांसकट. मग तीन कामगार महिलांशी बोलायचं होतं. त्या तिघी कोण ते सुपरवायझरने ठरवलं. "इथे काही त्रास आहे?" "नाही सर." "समितीबद्दल माहिती आहे?" "हो सर." टॅबवर हिरवी खूण. त्याला निरोप देऊन मी हात धुवायला गेले तर त्या तिघींतली एक शेजारी उभी. कागदाकडे बोट करून हळूच म्हणाली, "मॅडम, हा नंबर बंद आहे. त्या मॅडम दिवाळीच्या आधीच नोकरी सोडून गेल्या."

नवा नंबर त्याच दिवशी लावून घेतला. पण मुद्दा नंबरचा नाही. ऑडिटरला जे बघायला सांगितलं होतं ते सगळं त्याने बघितलं. कागद होता का? होता. बंद नंबर फोटोत दिसत नाही.

तामिळनाडूत दिंडिगुलला याच्या पुढे गेलेली गोष्ट घडली, तीही फार मोठी किंमत मोजून. जानेवारी २०२१ मध्ये ईस्टमन एक्सपोर्ट्सच्या तिथल्या कपड्यांच्या कारखान्यातल्या एका दलित तरुणीचा खून झाला आणि आरोप तिच्या सुपरवायझरवर आला. तिथे दलित बायकांच्या नेतृत्वाखालची एक कामगार संघटना होती. तिने आशियातल्या कामगार संघटनांच्या आघाडीला आणि अमेरिकेतल्या एका कामगार-हक्क संस्थेला बरोबर घेतलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये कारखानदाराबरोबर करार झाला. त्यात कपडे विकत घेणारी परदेशी कंपनी एच अँड एम उतरली, पुढे गॅप आणि पीव्हीएच या तशाच कंपन्या आल्या. त्या करारातलं मला आवडलेलं कलम असं की कारखान्याने अटी पाळल्या नाहीत तर त्याचा परिणाम ऑर्डरवर होतो. आणि मशीनवर बसणाऱ्या बायकांतल्याच काहींना प्रशिक्षण देऊन लक्ष ठेवायला नेमलं. काही खुपलं तर त्या बोलतात, आणि बोलल्या म्हणून त्यांना काढता येत नाही. टॅबवाल्या मुलापेक्षा हे बरं, कारण ज्या बाईला नंबर बंद आहे हे ठाऊक आहे तीच इथे तपासनीस आहे. असा करार नाशिक-पुण्याकडे का होत नाही? संघटना हवी ना आधी. आपल्याकडे कायम कामगारांच्या युनियनमध्ये बायका किती आणि कंत्राटी बायका किती, हे कुठल्याही गेटसभेला जाऊन नजर फिरवली की कळतं.

कंत्राटी बायकांचंच बोलायचंय. पपया नर्सरीच्या नाक्यावर संध्याकाळी शेअर रिक्षाची वाट बघत त्या उभ्या असतात. हाउसकीपिंग, पॅकिंग, कँटीन. त्यांतल्या एकीशी माझी ओळख झाली, ती मला ताई म्हणते. एकदा तिने विचारलं, "ताई, तुमच्या त्या कमिटीत आम्ही बसतो का? माझा गेटपास ठेकेदाराच्या नावाचा आहे."

"बसता की. कायद्यात ठेकेदाराकडची, रोजंदारीवरची, शिकाऊ, सगळ्या बायका धरल्यात."

"आणि तक्रार केली तर उद्या कामावर कोण घेणार? कंपनी का ठेकेदार?"

मी गप्प. तीच पुढे म्हणाली, "आमचा मुकादम आत काही करत नाही. आत कॅमेरा आहे. तो इथून आमच्याच रिक्षात बसतो, रोज."

आपल्या कायद्यात कामाची जागा म्हणजे काय हे बरंच ऐसपैस लिहिलंय. मालकाने दिलेली गाडीसुद्धा कामाची जागाच. पण या बायकांना गाडी देतो कोण? त्या वीस-तीस रुपये मोजून रिक्षाने जातात, आणि ती रिक्षा मालकाची नाही. तिचा मुकादम कायद्याचा अभ्यास करून बसला असेल असं नाही, पण सीमारेषा त्याला अचूक कळलीय.

शिवाय दुसरा दरवाजा आहे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा. जिथे दहापेक्षा कमी माणसं, जिथे तक्रार खुद्द मालकाविरुद्ध, जी बाई घरकाम करते, तिने तिकडे जायचं. महाराष्ट्रात कमावत्या बायका धरल्या तर शेतमजूर, ऊसतोडणीवाल्या, धुणीभांडी करणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, यांचा हाच दरवाजा. तो कुठे आहे हे त्यांतल्या कितीजणींना ठाऊक असेल! गोव्याच्या त्याच खटल्यात डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की जिल्हा अधिकारी महिनाअखेरपर्यंत नेमा आणि स्थानिक समित्या पुढच्या महिन्यात उभ्या करा. कायदा होऊन अकरा वर्षं झाली होती. आणि आशाताई, अंगणवाडीताई? त्यांना आजही पगार नव्हे, मानधन मिळतं. भंवरीही मानधनावरच होती. काम सरकारचं, जोखीम बाईची, ही सोय राज्य कुठलंही असो, सरकारला फार आवडते.

जीनिव्हात २१ जून २०१९ रोजी, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या शंभराव्या वर्षी, १९० क्रमांकाचा करार झाला. कामाच्या जगातली हिंसा आणि छळ, हा विषय. त्यात कामाची जागा नुसती जागा नाही. कामावर जाण्या-येण्याचा रस्ताही धरलाय. औपचारिक, अनौपचारिक असा भेद नाही, आणि काम शोधणारी, काम सुटलेली बाईसुद्धा त्यात येते. पहिल्यांदा उरुग्वेने मान्यता दिली, मग फिजीने. २५ जून २०२१ पासून तो लागू झाला. आशियातून फिलिपिन्सने २०२४ मध्ये दिली. भारताने दिलेली नाही.

माझे एक स्नेही कामगार खात्यातून निवृत्त झालेत. ते म्हणतात, "आपला कायदा आहे की उत्तम. वर आणखी सही कशाला?" मला वाटतं, हरकत कायद्याची नसून १९९७ ची आहे. तेव्हापासून सरकारांना कळलंय की सहीला लोक धरतात. १९८० मध्ये सही करताना कुणाच्या स्वप्नातही नसेल की मडकी घडवणाऱ्या घरातल्या बाईसाठी कुणी ती न्यायालयात घेऊन जाईल. आता ठाऊक आहे. १९० वर सही झाली तर कुणीतरी पपया नर्सरीच्या नाक्यावरची ती रिक्षा न्यायालयात नेणार, आणि रस्ता कुणाच्या जबाबदारीत, हे कंपन्यांना आणि सरकारला उत्तर द्यावं लागणार. एवढ्यासाठीच ती व्हायला हवी.

तोवर त्या बायकांनी आपल्यापुरती सोय केली आहे. सुट्टी झाली की मिळून एकच रिक्षा ठरवतात, सगळ्या सीटांचे पैसे भरतात, आणि मुकादम आला की रिक्षावाल्याला सांगतात, "दादा, भरली."